हिरवी वायर सासरची

मावशी, तुमची गाडी दोऱ्याने ओढली.

हे आधी सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. तुमच्या शोकसभेत, खाली सोसायटीच्या हॉलमध्ये, तुमच्या फोटोसमोरून तुमची छोटी रेल्वे गेली ती विजेवर गेली नाही. झेंडूच्या ढिगामागे डेकोरेशनवाला उकिडवा बसला होता. त्याच्या बोटाला नायलॉनचा दोरा गुंडाळलेला होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक इंजिनाच्या आकड्याला. कोणीतरी मोबाइलवर वाफेच्या इंजिनाची शिट्टी लावली. तुमचं इंजिन डिझेलचं. गाडी फुलांतून निघाली, फोटोपुढून सरकली आणि पलीकडच्या फुलांत शिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले. माझेही हात सवयीने वर आले होते, ते मी खाली घेतले. मला किळस आली. अजून गेलेली नाही.

सोसायटीच्या वार्षिक अंकासाठी तुमच्याबद्दल चार ओळी लिहून दे, असं सौरभदादांनी मला सांगितलंय. तुमचे भाचे ते, त्यांचा मान ठेवायला हवा. पण चार ओळींत हे मावत नाही आणि लिहून झाल्यावर ते छापतील की नाही, तेही ठाऊक नाही.

मी तुमच्याकडे पीजी म्हणून राहायला आले तेव्हा मला फक्त आभार मानता येत होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. परांड्याच्या शाळेतल्या बाईंनी वह्या दिल्या, कॉलेजच्या क्लार्कने शेवटच्या दिवशी अर्ज घेतला, मामाने एसटीत बसवून दिलं. प्रत्येक पायरीवर कोणीतरी हात दिला, म्हणून प्रत्येकाला थँक्यू म्हणत मी डोंबिवलीपर्यंत आले. वागळे इस्टेटमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. तिथेही तेच. साहेब ओरडले की मी थँक्यू सर म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही वांग्याची भाजी वाढलीत. खालून लागलेली होती. मी म्हणाले, "छान झालीय, मावशी."

तुम्ही माझं ताट पुढून ओढून घेतलंत. "करपलीय."

"नाही हो, चांगली आहे."

"करपलीय. करपलीय म्हण."

तुम्ही ताट धरूनच होतात. शेवटी मी म्हणाले, "करपलीय." तेव्हा तुम्ही ताट परत सरकवलंत आणि म्हणालात, "आता जेव. करपलेलंही खाता येतं, पण काय खातोय ते माहीत हवं. आणि या घरात थँक्यू बंद. आभारांचं दुकान तू बाहेर चालव."

तेव्हापासून या घरात मी तो शब्द काढला नाही. चुकून ओठांवर आला तर तुम्ही नुसतं बघायचात.

मग तो खोका आला. सौरभदादांनी मुलासाठी बाहेरून आणलेला रेल्वेचा सेट. मुलाचं दोन दिवसांत मन भरलं होतं. घोडबंदर रोडच्या त्यांच्या टॉवरमध्ये माळा नसतो, म्हणून ते खोका इकडे घेऊन आले. "आत्या, ठेव इथे, नाहीतर देऊन टाक कोणाला."

ते गेल्यावर तुम्ही खोक्याकडे बराच वेळ बघितलंत. "मी काय भंगारवाली आहे का?" असं म्हणालात आणि भाजीच्या सुरीने टेप कापलीत.

आपल्या दोघींनाही त्यातलं काही येत नव्हतं. तुम्ही विमा कंपनीत फाइली सांभाळून निवृत्त झालेल्या, मी कॉमर्सची. हॉलमध्ये लादीवर रुळांचे वाकडे-सरळ तुकडे एकमेकांत अडकवून आपण मोठं अंड्यासारखं वर्तुळ केलं. गोल बटणाचा काळा डबा प्लगमध्ये लावला, त्याच्या दोन वायरी रुळाला अडकवल्या आणि तुम्ही बटण फिरवलंत. गाडी निघाली. आपण दोघी मांडी घालून बसलो होतो आणि आपली मान तिच्याबरोबर फिरत होती. बाल्कनीकडच्या वळणावर गेली की ती मरगळायची, जवळजवळ थांबायची, मग परत इकडे आली की पळायला लागायची.

"दमते ती," मी म्हणाले.

"दमायला ती बाई आहे का?" तुम्ही म्हणालात. "वीज पोचत नाही तिथे."

मग कितीतरी रविवार आपण फोनवर व्हिडिओ बघितले. परदेशातली माणसं, तळघरं, गॅरेजं. तुम्ही म्हणायचात, "यांच्या गाडीला जेवढी जागा आहे तेवढी आपल्या अख्ख्या मजल्याला नाही." पण मुद्दा समजला. रुळाचे दोन तुकडे जोडायला पत्र्याचा चिमटीएवढा जॉइनर असतो. तो गाडीसाठी रूळ सरळ रेषेत धरतो, पण वीज पुढे नेण्याच्या बाबतीत त्याच्यावर विसंबता येत नाही. सैल होतो, दमट हवेत काळा पडतो. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःच्या दोन बारीक वायरी हव्यात, रूळ प्लायवूडच्या बोर्डावर ठोकून त्या वायरी भोकांतून बोर्डाखाली न्यायच्या आणि खालून फिरणाऱ्या दोन जाड वायरींना जोडायच्या. बाहेरच्या रुळाच्या सगळ्या वायरी एका जाड वायरीला, आतल्या रुळाच्या सगळ्या दुसरीला. यात एक जरी उलटली की सगळं बंद.

आणि ती उलटायचीच. लाल-काळ्या वायरी आणल्या तर मला कधी लाल आत वाटायची, कधी बाहेर. डब्यावरचा लाल दिवा लागायचा, गाडी मेलेली. तुम्ही वैतागलात. पुढच्या रविवारी बाजारातून हिरव्या आणि पिवळ्या वायरींची भेंडोळी घेऊन आलात.

"हे बघ. बाहेरचा रूळ सासर, आतला रूळ माहेर. हिरवी वायर सासरची, चुड्यासारखी. पिवळी माहेरची, हळदीची. आता चुकशील का?"

मी चुकले नाही. खालच्या जाड वायरी दोन्ही पांढऱ्या होत्या, तर त्यातल्या एकीवर तुम्ही स्वतःच्या पाकिटातली हिरवी टिकली चिकटवलीत. तुम्ही स्वतः टिकली लावत नव्हतात, पाकीट कोणी वाणात दिलेलं. मी हसायला लागले तर म्हणालात, "हसतेस काय? आज पहिल्यांदा उपयोगाला आली ती."

एकदा मी विचारलं होतं, तुम्ही लग्न का नाही केलंत. तुम्ही बोर्डाखाली डोकं घालून होतात. तिथूनच म्हणालात, "मला सासर नाही, त्यामुळे मला दोन्हीकडून काही घ्यायचं नाही. इंजिनाचं तसं नाही. त्याला दोन्हीकडून लागतं. एका बाजूने घेऊन ते जागचं हलत नाही. ती पक्कड दे." पक्कड दिली. त्या विषयावर आपण परत बोललो नाही.

जोडकामाच्या बाबतीत मात्र तुम्ही माझी सालटी काढलीत. मी दोन वायरींना पीळ मारून वर टेप गुंडाळली होती. आमच्या गावी सगळं तसंच असतं. गणपतीच्या माळा, पंखा, पिठाच्या गिरणीचं बटणसुद्धा. तुम्ही ती टेप नखाने सोडवलीत आणि तोंड असं केलंत की जणू ताटात केस निघाला.

"हे काय आहे?"

"चालेल ना, मावशी. घट्ट आहे."

"घाण आहे. उष्ट्या हाताने वाढल्यासारखं आहे हे. आज चालेल, उद्या थांबेल, आणि कुठे थांबली ते शोधायला अख्खा बोर्ड उलटा करायचा."

मग कथिल वितळवून वायरी जोडायचं सोल्डरिंगचं हत्यार आलं. पहिले काही दिवस आपण दोघींनी बोटं भाजून घेतली. चांगला सांधा कसा दिसतो ते तुम्ही मला शिकवलं नाहीत, कारण तुम्हालाही माहीत नव्हतं. वाईट कसा दिसतो ते आपण शिकलो. करडा, फुगलेला, खडबडीत, शिळ्या साबुदाण्याच्या गोळ्यासारखा. तसा झाला की तुम्ही म्हणायचात, "किळस येत नाही तुला?" आणि मला खरंच यायला लागली. चांगला झालेला सांधा आपण ओळखला तो असा, की तो बघून किळस आली नाही.

आणि दात. मी वायर दातांनी सोलत होते, आमच्याकडे सगळेच सोलतात. तुम्ही किंचाळायच्याच बाकी राहिलात. "तोंडात घालतेस? कुठल्या कुठल्या लादीवर लोळून आलीय ती वायर. शी." दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात वायर सोलायचं चिमट्यासारखं हत्यार ठेवलंत. मी तोंड उघडलं आणि तुम्ही बोट वर केलंत. थँक्यू आतच राहिलं.

हे सगळं मी ऑफिसात घेऊन गेले, मावशी, तुम्हाला माहीत नसेल. एका पेटीवर लेबल एका पंपाचं आणि आत सुटे भाग दुसऱ्याचे. साहेब म्हणाले, चालेल गं, गिऱ्हाईक बघून घेईल. मला तुमचा तो चेहरा आठवला. मी म्हणाले, "चालणार नाही, सर." त्यांनी माझ्याकडे नवीन माणूस आल्यासारखं पाहिलं. पेटी परत फोडली. त्या संध्याकाळी घरी येऊन मला तुम्हाला सांगायचं होतं. पण तुम्ही वळणावरचा रूळ पुसत होतात, आणि तुमच्याशी रूळ सोडून दुसरं काही बोलणं तेव्हा शक्य नसायचं.

एकाच सांध्याबद्दल आपलं कधी पटलं नाही. स्टेशनच्या खालचा, हिरव्या वायरीचा. अगदी सुरुवातीचा. त्याहून घाण सांधा आपण दोघींनी मिळून केला नाही. तो सापडला तेव्हा सौरभदादा सगळ्यांना घेऊन दिवाळीच्या जेवणाला यायचे होते. पुन्हा करायला वेळ नव्हता, म्हणून तुम्ही ती वायर बोर्डाखालच्या लाकडी पट्टीच्या मागे सरकवून दिलीत, कोणाला दिसू नये म्हणून. नंतर तो काढायचा राहिला. मग सुरू झालं.

"तुझा आहे तो."

"नाही हो. तुमचा."

"माझा हात इतका घाण नाही."

"माझा हात होता तसा, पण हा सांधा माझा नाही."

चहा गाळताना, भाजी निवडताना, केव्हाही. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या भेटीतही तुम्ही म्हणालात, "घरी आले की तो तुझा सांधा काढून टाकू." मी म्हणाले, "तुमचा." सलाईन बदलणारी नर्स हसली, तिला वाटलं हाडांच्या सांध्याचं चाललंय. आपण तिला सांगितलं नाही. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

तुम्ही गेल्यावर चौकात फ्लेक्स लागला. त्यावर तुमचा ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात तुम्ही कोणालातरी ओरडायच्या बेतात आहात असं वाटतं. तुमच्याहून मोठे दोन पुढारी हात जोडून. त्यांना तुम्ही ओळखत नव्हतात, त्यांच्या आधीच्या फ्लेक्सांना मात्र चांगलं ओळखत होतात. एक खिडकीवर आला होता तेव्हा तुम्ही खाली जाऊन भांडल्या होतात. आणि मागे, तुम्हाला रेल्वेची आवड म्हणून, बर्फातून धूर सोडत येणारं कुठलंतरी इंजिन. डोंबिवलीच्या नाक्यावर बर्फ. मी रोज ऑफिसला जाताना त्याच्या खालून जायचे आणि मान खाली घालायचे.

शोकसभा सौरभदादांनी ठरवली. दुःख त्यांना झालं होतं, ते मी खोटं म्हणणार नाही. पण दुःख झालं की त्यांच्यासारखे लोक कामाला माणसं लावतात. डेकोरेशनवाला, साऊंडवाला, खाण्याची पाकिटं. तुमचा बोर्ड चार जणांनी उचलून खाली नेला तेव्हा मी कामावर होते. संध्याकाळी थेट हॉलमध्ये पोचले. बासरी वाजत होती. बोर्डाभोवती झेंडू, रुळांवर पाकळ्या. तुम्ही रोज खोडरबरने पुसलेल्या रुळांवर ओल्या पाकळ्या.

सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. "कुमुदताईंची गाडी आज शेवटच्या स्टेशनला लागली," असं म्हणाले आणि थांबले, लोकांनी हुंदका द्यावा म्हणून. मग आयुष्याचे रूळ आले, सिग्नल आला, हिरवा झेंडा आला. शेवटी म्हणाले, "ताई अगदी लहान मुलासारख्या होत्या. या वयात गाडी गाडी खेळायच्या." तुम्ही लहान मुलासारख्या कधीच नव्हतात. लहान मूल दोन दिवसांत कंटाळलं होतं, म्हणून तर खोका आपल्याकडे आला.

मग सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने डब्याचं बटण फिरवलं. स्टेशनवर उभं असलेलं इंजिन वीतभर पुढे आलं आणि थांबलं. त्याने त्याला मागे ढकललं, परत फिरवलं. परत वीतभर. "इंजिन गेलंय," त्याने सौरभदादांच्या कानात सांगितलं. मी पहिल्या रांगेत होते. मला ऐकू आलं. मला हेही दिसलं की जे इंजिन गेलंय ते वीतभरसुद्धा चालत नाही. मी उठायच्या आत डेकोरेशनवाला म्हणाला, "टेन्शन नको, मी बघतो," आणि दोरा काढला. त्याच्याकडे दोरा तयार होता, मावशी. खिशात होता.

पाकिटात वेफर्स, सामोसा आणि एक ढोकळा होता. लोक जाताना एकमेकांना "छान झालं" म्हणत होते. सौरभदादा दारात उभे होते, डोळे सुजलेले. मला म्हणाले, "रोहिणी, बरं झालं ना सगळं? आत्याला आवडलं असतं ना?"

आयुष्यभर मी अशा वेळी काय म्हणते ते मला पाठ आहे. छान झालं, दादा. थँक्यू. ते ओठांपर्यंत आलंही. मग तुम्ही ताट धरून बसलेल्या दिसलात.

"घाण झालं," मी म्हणाले.

"काय?"

"गाडी दोऱ्याने ओढली. ती चालते, दादा. तिला ओढायला नको."

"अगं, मोटर गेलीय म्हणाला ना तो. ऐनवेळी काय करणार होतो? लोक बसलेत." मग जरा शांत होऊन म्हणाले, "तसंही आता चालायची गरज नाही. आमच्या टॉवरच्या क्लब हाउसशी बोललोय. भिंतीवर काचेच्या पेटीत लावणार. गाडी पक्की चिकटवून देतील, म्हणजे हलणार नाही, कोणी नेणार नाही. खाली आत्याचं नाव. उद्या टेम्पो येतोय."

"चिकटवून?"

"डिस्प्ले असतो गं तो."

"त्यांनी एवढ्यासाठी तिला... म्हणजे, मावशींनी रोज रूळ पुसले ते चिकटवायला नाही." माझं वाक्य धड होत नव्हतं. "नका देऊ."

त्यांचा चेहरा बदलला. "रोहिणी, तू पीजी होतीस तिच्याकडे. आत्या माझी होती."

हे खरं होतं आणि ते लागलं. मला वाटलं, आता सॉरी म्हणून बाजूला व्हावं. ज्या घरात मला थारा मिळाला त्या घरच्या माणसाशी मी वाद घालत होते. माझी आई ऐकती तर मला माफी मागायला लावती. पण मी म्हणाले, "हो. तुमची आत्या. त्या बोर्डाखालच्या वायरी मात्र आम्ही दोघींनी लावल्यात. टेम्पो रविवारनंतर बोलवा. रविवारी तुम्ही या. चालली नाही तर मीच उचलायला मदत करीन."

ते हातातलं पाकीट उघडत-मिटत राहिले. मग "रविवार," एवढंच म्हणाले.

बोर्ड परत वर आणला. रविवारी सकाळी मी आणि शेजारच्या वहिनींनी तो कडेवर उभा करून भिंतीला टेकवला, खालची बाजू हॉलकडे करून. हिरव्या वायरी नव्हत्या. पिवळ्या सगळ्या जागच्या जागी, आपण केलेल्या, चकचकीत. हिरव्या एकजात कापलेल्या, भोकापाशी हिरवे ठिपके राहिलेले, गवत उपटल्यासारखे. जाड वायरीवरची टिकली तेवढी तशीच.

मी इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो बिचारा सरळ माणूस. "ताई, ते डेकोरेशनवाला बोलला, खालून वायरी लोंबतायत, फोटोत घाण दिसतंय, साफ कर. आता हिरवी म्हणजे अर्थिंग. एवढ्याशा खेळण्याला अर्थिंग कशाला? म्हणून काढली. का, काय झालं?"

काही नाही, म्हणाले मी. काय सांगणार होते? की ती अर्थिंग नव्हती, सासर होतं? घराघरांत हिरवी वायर म्हणजे अर्थिंग असते, हे आपल्या दोघींना सुचलंच नव्हतं. त्याचा मला राग आला नाही. राग आला त्या "घाण दिसतंय" या शब्दांचा. तुम्ही त्या वायरी सरळ रांगेत नीट बांधल्या होत्या, पिनांनी, एका अंतरावर. ते घाण. आणि झेंडूच्या ढिगात बसून दोरा ओढणं म्हणजे नीटनेटकं.

पण मग इंजिन वीतभर कसं हललं? एकही हिरवी नसताना त्याने जागचं हलायला नको होतं. एकाच बाजूने घेऊन ते हलत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं. स्टेशनच्या तुकड्यावर कुठूनतरी सासरची वीज येत होती. तेवढ्याच तुकड्यावर. पुढचे जॉइनर काळे आणि सैल, म्हणून पुढे जात नव्हती.

मी लाकडी पट्टीच्या मागे बोट घातलं. ती होती. लपवलेली, म्हणून त्याला दिसली नव्हती. आपल्या भांडणाची हिरवी वायर.

ती ओढून उजेडात आणली. सांधा तसाच, करडा, साबुदाण्याचा गोळा. मग मी त्याच्या मागची वायर बघितली, जिथे हिरवं प्लॅस्टिक सोललेलं होतं. कडेला दातांच्या खुणा होत्या. दोन खोल खाचा, आणि मध्ये अंतर.

माझे पुढचे दात एकमेकांवर चढलेले आहेत. मध्ये फट तुमच्या दातांत होती.

मी एकटीच लादीवर बसून हसले, मावशी. वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आल्या. मला तुम्ही "शी" म्हणालात. मला हत्यार आणून दिलंत. आणि मी घरात नसताना, घाईघाईत, तुम्ही लादीवर लोळलेली वायर तोंडात धरलीत, दातांनी सोललीत, कसाबसा गोळा केलात आणि पुढची कितीतरी वर्षं तो माझ्या नावावर खपवलात.

मग मी कामाला लागले. हिरवी वायर कपाटात होती. प्रत्येक तुकडा, प्रत्येक भोक. सोल्डरिंगचा वास घरभर झाला, तुमचा वास तो. हाताला आता सवय होती. रूळ पाकळ्यांच्या रसाने चिकट झाले होते, ते खोडरबरने पुसले, परत पुसले. दोऱ्याची गाठ इंजिनाच्या आकड्यात तशीच होती. ती मी सुईने सोडवली. कापायला हरकत नव्हती, पण तुमच्या गाडीवर कात्री आधीच पुरेशी चालून झाली होती.

सौरभदादा दुपारी आले. बोर्ड टेबलावर होता. मी बटण फिरवलं. गाडी निघाली, स्टेशन सोडलं, बाल्कनीकडच्या वळणावर गेली आणि मरगळली नाही. ते उभेच होते. एक फेरी, दुसरी. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांची मान तिच्याबरोबर फिरायला लागली.

"आत्या हे करत बसायची?" ते म्हणाले. "मला वाटायचं, नुसती लावून बघत असेल."

"क्लब हाउसला चालू ठेवणार असाल तर द्या," मी म्हणाले. "पण रूळ रोज पुसायला लागतात. कोण पुसेल?"

त्यांनी विचार केला. मनातल्या मनात त्या टॉवरमधलं एकेक माणूस आठवून बघत असावेत. "कोणी नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "फ्लॅटचं काय करायचं ते ठरेपर्यंत तू आहेसच इथे. राहू दे इथेच. नंतर तुझ्याबरोबर ने." आणि मग, भिंतीकडे बघत, "टेम्पोवाल्याला सांगतो."

निघताना वाकून त्यांनी बोर्डाखाली बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच. बोट लावत लावत गेले आणि पट्टीपाशी थांबले. "रोहिणी, हा एक राहिला वाटतं. घाण दिसतोय."

"राहू द्या तो," मी म्हणाले. "तुमच्या आत्याचा आहे."

ते गेले. गाडी फिरतेय. बाकीचे सगळे हिरवे सांधे माझे आहेत, आणि एकही बघून तुम्हाला किळस येणार नाही. तो एक मी काढला नाही. त्याच्यामुळे कळलं की इंजिन जिवंत आहे.

त्या शब्दाला या घरात अजून बंदी आहे, म्हणून म्हणत नाही. घाण सांधा आहे तो, मावशी. आणि तुमचा आहे.